सीलबंद पाकिटातले तीस दिवस

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, चार घरफोडे तर स्वतः पळत जाऊन पकडले. लोक त्याबद्दल विचारतात आणि मीही तिखटमीठ लावून सांगतो. ही गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितली नाही, कारण हिच्यात फुशारकी मारावी असं काहीच नाही.

तेव्हा मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. जोगेश्वरीकडच्या एका पोलीस ठाण्यात मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून केबिनकडे निघालो, तर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी पासष्टीच्या आसपासची एक बाई उभी. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली शाळकरी वही. अंमलदार तिला या टेबलावरून त्या टेबलावर टोलवत होता. मला पाहताच ती माझ्याकडे वळली.

"साहेब, माझ्या झिलाचो आवाज गेलो."

मी तिला आत बोलावून बसवलं. मूळची मालवणकडची, झील म्हणजे तिचा मुलगा. नवरा गिरणीत होता, तो कधीच वारला. एकुलता एक मुलगा परदेशी बोटीवर खानसामा. आठ-आठ महिने घराबाहेर. आईचं अडू नये म्हणून तो तिला छोटे छोटे व्हिडिओ पाठवायचा. फोनवरची अक्षरं मोठी कशी करायची, गॅस कसा नोंदवायचा, गावच्या मावशीला व्हिडिओ कॉल कसा लावायचा, घरातला जुना कॉम्प्युटर बंद करताना थेट बटण का दाबायचं नाही. असे अठ्ठावीस व्हिडिओ. आई ते लावून लावून बघायची आणि त्यातला शब्द न् शब्द वहीत उतरवून काढायची.

दीड वर्षापूर्वी छातीत कळ येऊन मुलगा बोटीवरच गेला. शव आलं, सामान आलं, त्याचा फोन मात्र आला नाही. उरले ते आईच्या फोनमधले अठ्ठावीस व्हिडिओ. दुसरी प्रत कुठेच नव्हती. गॅस कसा नोंदवायचा हे बाईंना आता पाठ होतं, तरी रोज दुपारी जेवण झालं की त्या ते लावून बसायच्या. आदल्या दिवशी लावायला गेल्या तर गॅलरी रिकामी. त्याच सकाळी त्यांनी फोन दुरुस्त करून आणला होता.

"कोणी दुरुस्त केला?" मी विचारलं.

"स्टेशनच्या वाटेर टेबल लावन बसता ना, चष्मेवालो. तोच."

बोलता बोलता मी फोन त्यांच्या हातातून घेतला. त्यांनी वही उघडली आणि घाईघाईनं पानं उलटायला लागल्या.

"साहेब, दोन मिनटां फोन माका देवा. यात सगळा लिवलला आसा. काल घाबरान काय सुचाक नाय. आता बघून करतंय."

मी म्हणालो, "मावशी, आता या फोनला कुणीही हात लावायचा नाही. पुरावा नष्ट होईल. वहीपण इथेच राहू दे."

बाईंनी वही मिटली आणि माझ्यापुढे ठेवली. पोलिसांपुढे साधी माणसं अशीच गप्प होतात आणि आपलं म्हणणं पटलं, असं आम्ही समजतो.

दुपारी माझा जुना खबरी चहाला आला. पानाची टपरी चालवायचा, सगळ्या रस्त्याची त्याला खडान्‌खडा माहिती. त्याने कानाशी येऊन सांगितलं, "साहेब, तो चष्मेवाला आधी एकदा चोरीच्या मोबाईलमध्ये आत गेलेला. लोकांचे फोटो काढून घेतो, असं बोलतात." बस्स. मला वाटलं, धागा हाती लागला. गुन्हा नोंदवला. दोन पंच बोलावून पंचनामा केला, फोन बंद करून पाकिटात घातला, त्यावर लाखेचं सील ठोकलं आणि पाकीट मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात दिलं. वही कागदपत्रांत लावली. नियमाला धरून, एक पायरी न चुकवता.

चष्मेवाल्याला उचललं. पन्नाशीचा माणूस. आधी घड्याळं दुरुस्त करायचा, ती लोकांनी वापरायची सोडली तेव्हा मोबाईलकडे वळला. डोळ्यावरची घड्याळजीची काच मात्र तीच होती.

"साहेब, आईशप्पथ, मी फक्त चार्जिंगची पट्टी बदलली."

"मग व्हिडिओ कुठे गेले?"

"मला काय माहीत? मी मावशींना एवढंच बोललो, फोन फुल्ल भरलाय, ते सुप्रभातवाले फोटो थोडे खाली करा."

"दुसऱ्यावर ढकलतोस काय रे?"

"ढकलत नाय साहेब. बोललो ते सांगतोय. तुम्ही मावशींना विचारा ना."

मी विचारलं नाही. चौकशीत एक गोष्ट अनुभवानं कळते, की खोटं बोलणारा माणूस गोष्ट बदलत राहतो. हा चार दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाकड्यावर बसला आणि चारही दिवस तेच वाक्य बोलला. मला ते कळायला हवं होतं. पण त्याच्या नावापुढे जुनी नोंद होती आणि माझ्या डोक्यात निकाल लागलेला होता. जुना खटलाही पुढे मागवून पाहिला, तर त्यातून तो निर्दोष सुटला होता. तोवर रस्त्यावर बभ्रा झाला होता. त्याच्या टेबलाकडे गिऱ्हाईक फिरकेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं. आणि इथे तर चोरच नव्हता.

पुढे बंदोबस्त आले, सण आले. फोन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवायचं पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. बाई दर दोन-तीन दिवसांनी यायच्या, बाहेरच्या बाकावर बसायच्या. मी दिसलो की उठून उभ्या राहायच्या. "फोन सीलबंद आहे मावशी, एकदम सुरक्षित," मी सांगायचो. त्या मान डोलवून जायच्या.

शेवटी पत्रावर सही झाली. सोबतच्या कागदांना पानक्रमांक घालायचे होते. लेखनिक रजेवर, म्हणून मीच पेन घेऊन बसलो. बाईंची वही पहिल्यांदा उघडली. गोल, लहान मुलासारखं अक्षर. एकेका पानावर एकेक काम, आणि मुलगा जसं बोलला तसंच लिहिलेलं.

अकराव्या पानावर होतं, "फोन भरला तर सुप्रभातवाले फोटो बोटाने दाबून धर. एकेक निवड. 'सर्व'ला हात लावू नको. मग कचरापेटी."

बाराव्या पानावर, खाली दोन रेघा मारून, "चुकून काही पुसलं तर घाबरू नको आये. ते लगेच जात नाही. गॅलरीत खाली कचरापेटी आहे, ती उघड. 'परत आणा' दाब. पण तीस दिवसांच्या आत. नंतर देवालापण मिळणार नाही."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेलो. बोट ठेवून मोजलं, पुन्हा मोजलं. चौतिसावा दिवस होता.

पंच बोलावून सील फोडलं. चष्मेवाल्याला निरोप धाडला. आला बिचारा. फोन चार्जिंगला लावला, सुरू केला, कचरापेटी उघडली. आत एक सुप्रभातचा फोटोसुद्धा नव्हता.

"मावशींनी चुकून 'सर्व' दाबलं असणार," तो हळू आवाजात म्हणाला. "तीस दिवस झाले की ते आपोआप साफ होतं, साहेब. फोन बंद असला तरी दिवस तर जातातच ना. चार दिवस आधी उघडला असता तर..." त्यानं चार्जरची पिन काढली. मला वाटलं आता शिव्या घालील. उठताना एवढंच म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं."

तरीही फोन प्रयोगशाळेत पाठवला. हाती काही लागलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो.

न्यायालयाकडून परवानगी घेऊन फोन आणि वही परत द्यायला मी स्वतः बाईंच्या घरी गेलो. दाराआडच्या खुर्चीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी फोन मांडीवर घेतला. मग विचारलं, "म्हणजे माझ्याच बोटान गेला ना, साहेब?"

"तुमच्या बोटानं कचऱ्यात गेलं, मावशी. तिथून कायमचं गेलं ते माझ्यामुळे."

"त्या दिवशी तुम्ही माका दोन मिनटां..." एवढं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. मला रडू आलं. पोलिसाला रडू येत नाही असं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "मोतीबिंदू वाढलो, आता नीट दिसणा नाय. एक पान वाचा."

मी गॅस नोंदवण्याचं पान वाचलं. माझा आवाज जाडाभरडा, त्यांच्या मुलाच्या आवाजाशी काही संबंध नाही. तरी त्या डोळे मिटून ऐकत होत्या. पानाच्या शेवटी, वहीतल्या प्रत्येकच पानाच्या शेवटी, मुलाचं ठरलेलं वाक्य होतं, तेही त्यांनी इमानानं लिहून ठेवलं होतं. "कळलं ना आये? नाही कळलं तर परत लाव."

नियम चुकीचे नव्हते. पुरावा जपावाच लागतो. पण तक्रार करणारा माणूस हातात काही ठेवतो, तेव्हा ते आधी वाचायचं असतं, मग त्यावर क्रमांक घालायचा असतो. हे मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नाही. एका खानसाम्यानं शिकवलं, तेही तो गेल्यावर.

आता बोरिवलीत आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर दर रविवारी मी फोनची साधी साधी कामं शिकवतो. पहिला धडा कचरापेटीचा. लोक हसतात, साहेब निवृत्त होऊन कचऱ्यात शिरले म्हणतात. हसू देत. धडा संपला की मी विचारतो, "कळलं ना?" पुढचं वाक्य जिभेवर येतं, पण मी ते कधीच बोललेलो नाही.