एक सूत सैल

टेलरबाईंनी शिवलेला कपडा एकतीस वर्षांत एकदाही उसवायला परत आला नव्हता, आणि ही गोष्ट गावाला माहीत नसेल तर त्या स्वतः सांगत. बंदराच्या रस्त्यावर, बेकरीला लागून त्यांचं दुकान. आत दोन शिलाई मशिनं, कापायचं एक लांब टेबल आणि एक उंच आरसा. त्या आरशासमोर गावातल्या प्रत्येकाने कधी ना कधी पोट आत ओढून बघितलेलं होतं. टेबलाच्या कडेला पितळी पट्टी ठोकलेली होती, तिच्यावर इंच आणि सूत कोरलेले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाकीचे टेलर इंचावर भागवत, बाई सुतावर भांडत. गळ्यातला कापडी टेप तर त्या अंघोळीपुरताच काढत, असं त्यांचे यजमान म्हणायचे.

यजमान निवृत्त बस कंडक्टर. सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत, बाईसुद्धा रागावल्या की तेच म्हणत. निवृत्त झाल्यापासून घरचं धुणं त्यांच्याकडे होतं, आणि ते मन लावून धूत. अगदी उकळत्या पाण्यात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर अशा या बाईंना पन्नाशी उलटल्यावर मासे धरायचं वेड लागलं. कारण झाले त्यांचे दीर, मापवाले भावजी. भावजींची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. तराजूत तांदळाच्या दाण्याचा फरक निघाला तरी ते वजन जप्त करून खिशात घालत. पोलादी टेप त्यांच्या खिशात अजून असे, निवृत्तीनंतरही. त्यांचा एकच शौक होता. थंडीच्या दिवसांत चंदेरी मासे बंदराच्या धक्क्याच्या दगडांपाशी येतात, ते केसाएवढ्या बारीक दोऱ्यावर धरायचे. जाड दोरा आणि बांबूएवढी काठी घेऊन मासा ओढून काढणाऱ्यांना ते हमाल म्हणत. त्यांनी स्वतः तासून, सहा पट्ट्या जोडून एक काठी बनवली होती, इतकी हलकी की हातात आहे हे विसरायला व्हावं. पण गुडघे गेले, डॉक्टरांनी धक्क्यावर उभं राहायला बंदी केली, आणि काठी माळ्यावर गेली.

ती बाईंनी मागितली. भावजींना अट घातल्याशिवाय साधा चहासुद्धा देता येत नसे, तर काठी कशी देणार!

"थंडी संपेपर्यंत वापरा वहिनी," ते म्हणाले. "शेवटच्या रविवारपर्यंत याच बारीक दोऱ्यावर अठरा इंची मासा काढलात तर काठी तुमची. नाहीतर परत माळ्यावर."

"कोणाच्या मापाने अठरा?" कंडक्टरनी विचारलं.

"वहिनींच्या टेपने. त्याच्याइतकं खरं माप या गावात दुसरं नाही." आणि भावजींनी हे सगळं कागदावर लिहून, खाली सही करून, घडी घालून पाकिटात ठेवलं.

बाईही काही कमी नव्हत्या. ऐटीत त्या बोलून गेल्या, "हरले तर मासेमारी बंद. सकाळी सहालाच दुकान उघडून मशीनवर बसेन."

बोलून गेल्या खऱ्या, पण पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण काय पणाला लावलंय. सकाळी सहा ते आठ, धक्क्याच्या टोकाला, कानटोपी घालून, हात गारठलेले, नाक लाल. तिथे कोणी "बाई, उद्या मिळेल का?" विचारत नव्हतं. कोणाच्या बगलेत टेप घालावा लागत नव्हता. काठी मागे नेऊन हलकेच पुढे सोडली की चमचा, म्हणजे पत्र्याचा तो चकचकीत खोटा मासा, सुर्रकन जाई आणि लांब पाण्यात टुपकन पडे. दर वेळी बाईंना हसू येई. एकटीच हसत उभी असते म्हणून सुरुवातीला लोक जरा लांबून जात. एकतीस वर्षांत एवढं बिनकामाचं सुख त्यांना मिळालं नव्हतं आणि ते आता त्यांना सोडवत नव्हतं.

मासे लागत नव्हते असंही नाही. अकरा लागले. अकराच्या अकरा गेले.

दोष हाताचा. बारीक दोऱ्याचं सगळं गणित एका गोष्टीवर असतं: मासा ओढू लागला की दोरा रिळातून जाऊ द्यायचा. रिळाच्या तोंडाशी एक चकती असते, ती आधीच हलकीशी आवळून ठेवायची आणि मग तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही. मासा पळतो, दमतो, मग आपण गुंडाळायचं, पुन्हा पळतो, पुन्हा दमतो. पण शिलाई मशिनालाही अशीच चकती असते, आणि तिथे दोरा सैल सुटला की ती ताबडतोब आवळायची असते. बाईंच्या हाताने ते एकतीस वर्षं केलं होतं. मासा लागला, दोरा सरसर सुटला, की डोकं ओरडे "नको!" आणि उजवा हात तोवर चकती करकचून आवळून मोकळा झालेला असे. पुढे एकच आवाज. तट्!

"जित्याची खोड," कंडक्टर हळहळत. "अकरा मासे तुझे चमचे घालून समुद्रात मिरवतायत गं."

बाईंनी हाताला समजावलं. हातावर फटके मारले. एकदा बोटांना पट्टी बांधून बघितली, तर हाताने पट्टीसकट चकती आवळली.

शेवटचा आठवडा उगवला तो भलत्याच गडबडीत. गावातली माणसं एकाएकी जाड झाली. सोमवारी संध्याकाळी बेकरीवालीचं कोटासाठी माप घेतलं तर कंबर सरळ इंचभर वाढलेली. बाईंनी स्पष्ट सांगितलं. बेकरीवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझी कंबर मला माहीत आहे!" ती म्हणाली, पण दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःच्याच दुकानातली बिस्किटं खायचं बंद केलं. मंगळवारी पोस्टमास्तरांची छाती वाढली, ते उलट खूश झाले. बुधवारी दोन शाळामास्तर फुगले.

"थंडी आहे, खातात लोक," बाई म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी त्यांना युक्ती सुचली. हात ऐकत नाही ना, मग चकतीला टोपी शिवू. मऊ, घट्ट बसणारी, अस्तराच्या कापडाची. बोटांना थंड धातूऐवजी कापड लागलं की हात दचकेल, आठवण होईल. त्यांनी टेपने चकतीचा घेर घेतला, टेबलाच्या पितळी पट्टीवर कापड मोजून कापलं, दहा मिनिटांत टोपी शिवली, घातली, आणि त्यांचा चेहरा पडला.

टोपी सैल झाली होती. नीट एक सूत सैल. मागच्या दुमडीमुळे निसटून पडत नव्हती इतकंच, पण चकतीवर गरागरा फिरत होती.

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझं माप चुकलं," त्या खुर्चीत बसल्या. "आता हातही गेला आणि डोळाही गेला."

"राहू दे गं, उशीर झालाय," कंडक्टर म्हणाले. "उद्या हीच घालून जा."

रविवारी सकाळी भावजी स्वतः आले, आधाराची काठी टेकत, डॉक्टरांना न सांगता. मासे धरायची काठी न्यायला आलेत हे बाईंना कळलं. समुद्र शांत होता. सात वाजले, काही नाही. साडेसात, काही नाही. भावजींनी घड्याळ बघितलं. बाईंनी शेवटचे चार चमचे टाकायचं ठरवलं, मग आणखी चार, मग हिशेब सोडून दिला.

पावणेआठला काठी वाकली.

वाकली म्हणजे थेट पाण्याकडे नमली. दोरा किंचाळत सुटला. बाईंच्या तोंडून "नको!" निघालं आणि उजव्या हाताने झडप घालून चकती आवळली. एक वळसा, दोन वळसे, करकचून तिसरा. बाईंनी डोळे मिटले आणि तट् आवाजाची वाट बघू लागल्या.

दोरा सुटतच होता.

त्यांनी एक डोळा उघडला. हात इमानेइतबारे टोपी पिळत होता, आणि टोपी चकतीवर नुसती फिरत होती. आत चकती होती तिथेच होती.

"अहो!" बाई ओरडल्या. "आवळतेय मी! आणि आवळलं जात नाहीये!"

"आवळ मग हवं तेवढं!" कंडक्टर बादली आणि मासा वर उचलायची जाळीची झोळी घेऊन धावले. मागे दहा-बारा बघे जमले होते, त्यांच्यावर ते सवयीने ओरडले, "पुढे सरका, पुढे सरका! अहो नको, मागे सरका! पुढे पाणी आहे!"

मासा पळाला, बाईंनी टोपी आवळली. मासा दमला, बाईंनी गुंडाळलं. पुन्हा पळाला, पुन्हा टोपी. मध्येच त्यांना हसू फुटलं आणि ते थांबेना. भावजी आपलं वय विसरून "सोडा! सोडा! आता घ्या!" ओरडत दगडावर चढले होते. शेवटी कंडक्टरनी पोटावर पालथं पडून झोळी खाली घातली, आणि चंदेरी मासा उसळ्या मारत वर आला.

ओल्या पोत्यावर मासा ठेवून बाईंनी गळ्यातला टेप लावला. अठरा! त्यांनी कानटोपी काढून हवेत उडवली. ती समुद्रात पडली. कोणाला पर्वा!

भावजींनी सवयीने खिशातून पोलादी टेप काढला आणि माशाला लावला. मग पुन्हा लावला.

"साडेसतरा," ते हळूच म्हणाले.

मासा बादलीत गेला. बाईंनी दोन्ही टेप शेजारी धरले. त्यांचा छत्तीस इंची टेप पोलादी टेपच्या पस्तिसाव्या इंचापाशीच संपत होता. सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि मग सगळे कंडक्टरकडे.

"सोमवारी..." कंडक्टर घसा खाकरत म्हणाले. "तुझ्या कोटाला माशांचा वास येत होता गं. म्हणून तू अंघोळीला गेलीस तेव्हा म्हटलं जरा उकळावा. टेप काढून तू खिशात ठेवलायस हे नंतर कळलं. इस्त्री करून ठेवला मी."

टेप आटला होता! म्हणून बेकरीवाली जाड झाली, म्हणून पोस्टमास्तर फुगले, म्हणून टोपी एक सूत सैल झाली आणि म्हणून मासा हाती लागला. बाई धक्क्यावर मटकन बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसता त्यांना अठरा इंच आठवले, आणि हसू थांबलं. हाततोंडाशी आलेला घास होता, पण लबाडीने मोजणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"भावजी," त्या उठून काठी पुढे करत म्हणाल्या, "मासा साडेसतराच आहे. न्या काठी."

भावजींनी काठी घेतली नाही. पाकिटातून घडी केलेला कागद काढला, चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "'वहिनींच्या टेपने अठरा इंच.' माझंच अक्षर, माझीच सही. तुमच्या टेपने किती भरला?"

"अठरा. पण तो टेप खोटा आहे!"

"टेप खरा असावा असं यात लिहिलेलं नाही," भावजी म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अर्धं सूत कोणाला सोडलं नव्हतं, आणि आज ते अख्खा अर्धा इंच सोडत होते. "अट पुरी झाली. काठी तुमची."

बाईंनी भर धक्क्यावर दिराला मिठी मारली. त्यांची टेकायची काठी पडली, चष्मा वाकडा झाला, बघ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि कंडक्टरनी मासा बादलीसकट नेऊन परत समुद्रात सोडला.

"आता ती टोपी नीट करशील ना?" त्यांनी येऊन विचारलं.

"हात तर लावून बघा टोपीला!" बाई म्हणाल्या. "जशी आहे तशी राहील ती. उद्या सहाला मी इथेच आहे."

भावजींनी चष्मा सरळ केला. मग एकदम चेहरा कडक करून त्यांनी हात पुढे केला.

"टेप आणा इकडे."

"का हो?"

"खोटं माप सापडलं," असं म्हणत भावजींनी तो आटलेला टेप गुंडाळून स्वतःच्या खिशात घातला. "जप्त."