समोरची पार्टी

आमचे मामंजी फुटबॉलचा सामना आपल्या बाजूच्या माणसाबरोबर कधीही बघत नसत. "एकाच बाजूचे दोघं बसले की तो सामना नाय, भजन होतं," असं ते म्हणायचे. भजनाला त्यांचा विरोध नव्हता. एकादशीला स्वतः टाळ घेऊन बसायचे. पण टीव्हीसमोर त्यांना विरोधकच लागायचा. तोही पोटभर जेवलेला आणि तोंडाचा तिखट.

मामंजी म्हणजे माझे सासरे. मूळ पाचोडचे. फौजेतून हवालदार होऊन परतले आणि मुकुंदवाडीला स्टेशनच्या अलीकडे घर बांधून राहिले. फौजेत ते पलटणीच्या संघाचे गोलकीपर होते. उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी होती, आणि ती कुठल्या सामन्यात मोडली हे ते दर खेपेला वेगळं सांगायचे. गल्ली त्यांना हवालदार म्हणायची. मी काहीच म्हणत नसे, कारण त्यांच्याशी बोलायची माझ्यावर कधी वेळच येत नसे. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तरी ते समोर आले की मी डोक्यावर पदर घेऊन आत सरकायचे. तेही स्वयंपाकघराच्या दारात येण्याआधी खोकायचे. चहा हवा असला तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत "चहा झाला का म्हणावं" असं विचारायचे, आणि कॅलेंडरच्या वतीने मी आधण ठेवायचे.

लीगचे प्लेऑफ आले की मात्र घराचा नूर बदलायचा. "साखळी सामने म्हणजे खुरपणी. प्लेऑफ म्हणजे खळं. इथं चुकला त्याचं वर्ष गेलं," हे त्यांचं शेतकरी गणित. दोन सामने एकाच दिवशी आले, एक पाचला अन् एक साडेसातला, तर तो त्यांचा दिवाळसणच. सकाळी दाढी, मग शिडी लावून गच्चीवरची डिश ओल्या फडक्याने पुसणं. त्याने चित्रात तसूभर फरक पडत नसे. मग मोबाइल पिठाच्या डब्यात, मध्येच वाजायला नको म्हणून. आणि चारच्या ठोक्याला पायात फौजेतले कॅनव्हासचे बूट, घरात.

"देव्हारा हाय घरात, काय वाटतं का?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर वर्षी विचारायच्या.

"देवाला म्हणावं, बघायचं असंल तर तूबी बूट घाल."

सामन्याला भाजलेल्या शेंगा लागायच्या. दोन ताटल्या, दोन बाजूंच्या दोन. टरफलं ज्याची त्याने आपल्या ताटलीत टाकायची. "हरणाऱ्याची टरफलं जास्त असतात. जिवाला घोर लागला की हात थांबत नाय," असा त्यांचा सिद्धांत होता, आणि शेवटी ते खरोखर दोन्ही ढीग शेजारी ठेवून बघायचे.

समोरच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं रफिकभाई बसायचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं. मामंजी ज्या संघाचे, त्याच्या समोरचा संघ रफिकभाईंचा. मामंजी आपला संघ गोलकीपर बघून निवडायचे, बाकीची दहा माणसं त्यांच्या लेखी वऱ्हाडी. दोघांची भांडणं स्टेशनपर्यंत ऐकू जायची. मग वय झालं, रफिकभाईंनी दुकान बंद केलं आणि ते परभणीला लेकीकडे राहायला गेले.

पुढच्या प्लेऑफला खुर्ची रिकामी. मामंजींनी आधी आमच्या ह्यांना बसवलं. पण आमचे हे जन्मजात आज्ञाधारक. मामंजी म्हणाले, "तुमचा बचावातला बॅक लंगडा हाय," तर हे म्हणाले, "हो ना आप्पा." दहाव्या मिनिटाला त्यांना उठवण्यात आलं.

मी आत शेंगा भाजत होते. बाहेरून आवाज आला, "सूनबाई."

बारा वर्षांत पहिल्यांदा हाक आली होती, तीही कॅलेंडरला वगळून. मी पदर सावरून दारात गेले.

"बस तिथं. खुर्चीवर."

आत्याबाईंच्या हातातली परात खाली पडली. "सासऱ्यासमोर? खुर्चीवर?"

"सामना चालू हाय तवर ही सून नाय. समोरची पार्टी हाय. काय बोलायचं ते बोलंल. शिट्टी वाजली की पदर."

मी खुर्चीच्या कडेवर बसले, जणू दंतवैद्याकडे आले होते. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी विचारलं, "तो मागे जाळीजवळ एकटाच उभा आहे, त्याच्याशी कुणी बोलत नाही का?"

मामंजींनी हातातली शेंग फोडली. मग म्हणाले, "नाय बोलत. गोल झाला की मग सगळे बोलतात." आणि आपल्या ताटलीतल्या मूठभर शेंगा त्यांनी माझ्या ताटलीत टाकल्या. त्या दिवशी माझी नेमणूक कायम झाली.

सुरुवातीला मी फार मिळमिळीत विरोधक होते. रफिकभाईंना कळलं तेव्हा त्यांनी परभणीहून फोनवर शिकवणी घेतली. "बेटी, चुप नको बैठो. हवालदारकू चुप आदमी नको. दिल खोल के बोलो, वो बुरा नहीं मानते." मग मी दिल खोललं. मामंजींच्या डाव्या बॅकला मी एकदा म्हणाले, "वळायला ह्याला पाचोडचा अख्खा बाजार लागतो." मामंजी इतके हसले की बुटाची नाडी सुटली. आत्याबाईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. शिट्टी वाजली की मी पदर घेऊन आत, ते कॅलेंडरकडे. वर्षाचे उरलेले दिवस आम्ही दोघं पहिल्यासारखेच मुके.

असे सहा प्लेऑफ गेले. सातव्याच्या आधी मामंजींना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन लांबवू नका. मामंजी म्हणाले, पाचोडच्या शेतातला गहू निघू दे. गहू निघाला, तर म्हणाले, उन्हाळा जाऊ दे. आत्याबाई बोलल्या की ते गच्चीवर जाऊन बसायचे. ह्यांनी विषय काढायचा प्रयत्न केला आणि "बरं आप्पा" म्हणून परत आले.

"तू सांग ना," हे मला म्हणाले.

"मी कशी सांगू? मी सून आहे."

"उद्या प्लेऑफ आहे," हे म्हणाले. उभ्या संसारात ह्यांना सुचलेली ही सगळ्यात शहाणी गोष्ट.

दुसरा सामना साडेसातचा. एक-एक अशी बरोबरी होती. उंच आलेला बॉल घ्यायला मामंजींचा गोलकीपर पुढे आला नाही, रेषेवरच थांबला. मी तोंड उघडलं. "तुमचा गोलकीपर घाबरट आहे, मामंजी. बॉल येताना दिसतोय, तरी जागचा हलत नाही. म्हणतो, उन्हाळा जाऊ दे."

आत आत्याबाईंचं लाटणं थांबलं.

"सामन्याचं बोल," मामंजी म्हणाले.

"सामन्याचंच बोलतेय. बाकीचे दहा जण घाम गाळताहेत, आणि हा उभा."

ते माझ्याकडे वळले नाहीत. वाकडी करंगळी चोळत म्हणाले, "बरं. तुझे जिंकले तर ऑपरेशनला जाईन. माझे जिंकले तर हा विषय ह्या घरात परत निघणार नाय."

मी हो म्हणून बसले. त्या दिवसापर्यंत मी विरोधक होते ती नेमणुकीने. त्या संध्याकाळी मनापासून झाले. ज्यांची नावं मला धड उच्चारता येत नव्हती, त्या अकरा पोरांसाठी मी तुळजाभवानीला नारळ बोलले. जादा वेळ गेला, पेनल्टी आल्या. माझ्या शेवटच्या पोराने बॉल मारला, तो वरच्या दांड्यावर आदळून आभाळात गेला.

शिट्टी वाजली. नियमाप्रमाणे मी पदर घेतला, आणि पदराआड रडायला लागले. माझ्या ताटलीत टरफलांचा डोंगर होता.

मामंजी बुटाची नाडी सोडायला वाकले, धाप लागली म्हणून तसेच थांबले. मग कॅलेंडरला म्हणाले, "डॉक्टरला फोन लावा म्हणावं. सकाळी जायचं."

"जिंकलात ना तुम्ही?" आत्याबाई दारातून म्हणाल्या.

"जिंकलो म्हणून तर जातोय. हरून गेलो असतो तर गल्ली म्हणाली असती, सुनेनं धाडला."

ऑपरेशन झालं. त्यानंतर आम्ही आणखी तीन प्लेऑफ भांडलो. तिन्ही वेळा मी हरले, आणि त्यांनी मला ते वर्षभर कॅलेंडरमार्फत ऐकवलं. गेल्या थंडीत, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

यंदा प्लेऑफच्या दिवशी टीव्हीचं नाव कुणी काढलं नाही. डिश पुसली गेली नाही. साडेचारला दार वाजलं. रफिकभाई, परभणीहून गाडीने आलेले, अंगाने निम्मे झालेले. उंबऱ्याशी चपला काढायला लागले, तशा आत्याबाई म्हणाल्या, "राहू द्या पायात." आणि आत जाऊन दोन ताटल्या घेऊन आल्या.

रफिकभाई मामंजींच्या दिवाणावर बसले. "आज मैं हवालदार की तरफ से. शुरू करो, बेटी."

मी त्यांच्या गोलकीपरपासून सुरुवात केली. रफिकभाईंनी एकही टोमणा उधार ठेवला नाही. माझा संघ दोन गोलांनी जिंकला, आणि तरी टरफलं माझ्याच ताटलीत जास्त निघाली.

शिट्टी वाजली तसा माझा हात डोक्याकडे गेला. अंगावर पंजाबी ड्रेस होता, ओढणी खुर्चीच्या पाठीवर. तीच ओढून डोक्यावर घेतली आणि कॅलेंडरकडे बघत विचारलं, "चहा ठेवू का?"