डाव्या कानाची खूण

राव्द्नाला एक गोष्ट लहानपणापासून कधी धड जमली नाही, ती म्हणजे फास टाकणं. तिचा इस्सात मामा पळत्या कळपातून नेमकी हवी ती रेनडिअर मादी धरायचा. राव्द्नाचा फास मात्र कुंपणाच्या खांबाला पडायचा, नाहीतर बघायला उभ्या असलेल्या एखाद्या काकाच्या गळ्यात. त्यामुळे पुढे तिच्या हातात कॅमेरा आला, तेव्हा पार उत्तरेकडच्या, बर्फाळ फिनमार्कच्या पठारावरच्या तिच्या गणगोतात कुणालाच नवल वाटलं नाही. "बरं झालं," मावशी म्हणाली, "तो निदान फेकावा लागत नाही."

ट्रॉम्सो शहरात चित्रपटाचं शिकून ती परत आली आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. बटाटे सोलून झाले की कॅमेरा उचलून पठारावर जायची. गावातले म्हातारे तिला जनावरं राखायची सोडून जनावरांची चित्रं राखणारी म्हणत. ती हसून सोडून द्यायची, कारण त्यात खोटं काही नव्हतं. तिची जनावरंही मामाच राखत होता.

मग पांढऱ्या कोल्ह्याचं काम आलं. हवा तापत चालल्यामुळे तांबडा कोल्हा वर सरकला होता आणि अंगानं लहान असलेल्या पांढऱ्याला पठारावरून हुसकावत होता. त्याला वाचवू पाहणाऱ्या शहरातल्या लोकांना एक छोटा चित्रपट हवा होता. त्यात पठारावर पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर राखणाऱ्या सामी लोकांना, म्हणजे राव्द्नाच्याच माणसांना, या बदलत्या हवेबद्दल काय वाटतं, हेही हवं होतं. राव्द्नानं मामासमोर कॅमेरा लावून तेवढं विचारलं. "काय वाटतं ते चार शब्दांत सांगू?" मामा म्हणाला. "त्यांना म्हणावं, हिवाळाभर राहायला या." पुढे तो बोलेचना. कोल्ह्याचं बीळ मात्र त्यानं दाखवलं. पिल्लांच्या दिवसांत तो कळप त्या बिळापासून लांबून न्यायचा, कुत्री बांधून ठेवायचा, आणि ते बीळ कुठे आहे हे त्यानं सख्ख्या भावालाही कधी सांगितलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात, सूर्य वर येत नाही त्या दिवसांत, पाऊस पडला. पाऊस गोठला आणि कळप हिवाळाभर ज्यावर जगतो ते जमिनीवरचं शेवाळ काचेखाली गेल्यासारखं झालं. कळपाला वास येई, पण खुरांनी काही फुटेना. शेजारीण सुन्नानं ट्रक भरून चारा आणवला. इस्सात थांबला. वरून मऊ बर्फ पडेल, मग ही काच ढिली होईल, असा त्याचा हिशेब होता आणि तो आयुष्यभर बरोबर आला होता. बर्फ वाचावं तर इस्सातनं, असं लोक उगाच म्हणत नसत. या खेपेला मात्र मऊ बर्फ आलंच नाही.

किती मेली, हे त्याला कुणी विचारलं नाही. कुणाची जनावरं किती, हेच जिथे कुणी विचारत नाही, तिथे मेलेली कोण विचारणार? त्यानंही सांगितलं नाही, राव्द्नालासुद्धा. फक्त दर हिवाळ्याच्या शेवटी तिला येणारा त्याचा फोन त्या वर्षी आला नाही.

राव्द्नानं बिळाजवळ लावून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यानं कोल्हा टिपला, अख्ख्या हिवाळ्यात एकदाच. दुपारच्या निळ्या उजेडात तो आला. बर्फात रुतलेल्या एका मेलेल्या मादीचा फक्त डावा कान वर दिसत होता. कोल्ह्यानं तो हुंगला, मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. राव्द्ना आनंदानं ओरडलीच. मग तिची नजर कानावर गेली आणि तिनं चित्र तिथेच थांबवलं. टोकाला चीर, खाली अर्धगोल काप. वासराच्या कानावर केलेली मालकाची ही खूण इथली पोरंसुद्धा दारावरची पाटी वाचावी तशी वाचतात. खूण मामाची होती.

पुढच्या ईस्टरच्या मेळ्यात चित्रपट दाखवायचं ठरलं होतं. मेळ्याला सगळं पठार लोटणार. ट्रॉम्सोच्या मित्रानं कान पुसट करून पाहिला, पण त्यामुळे तो जास्तच डोळ्यात भरायला लागला. ते दृश्यच काढावं तर कोल्ह्याच्या चित्रपटात कोल्हाच उरत नव्हता. शेवटी मेळ्याच्या आदल्या आठवड्यात ती लॅपटॉप बगलेत मारून मामाकडे गेली.

मामानं कॉफी उकळली, सुकं मांस कापून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं दृश्य लावलं. कान दिसताच त्याचा हात कपावर थांबला.

"कोल्हा छान आलाय," तो म्हणाला.

"कोल्ह्याचं विचारत नाहीये मी. मामा, सगळे तुझी खूण बघतील. इस्सातची जनावरं उपाशी मेली म्हणतील. तू नको म्हण, मी काढून टाकते."

मामानं पुढे वाकून ते दृश्य पुन्हा निरखलं.

"उजवा कान दिसत नाही यात," तो म्हणाला.

"बर्फाखाली आहे ना."

"मी नंतर बर्फ उकरून पाहिला होता." त्यानं कप खाली ठेवला. "माझी नव्हती ती, पोरी. तुझी होती."

पठारावरच्या रीतीनं, बाळाचा पहिला दात ज्याला आधी दिसतो, त्यानं बाळाला एक मादी द्यायची असते. राव्द्नाचा दात मामानं पाहिला होता आणि मादीबरोबर आपली खूणही दिली होती. डावा कान दोघांचा सारखा, उजव्यात तिचा एक काप जास्त. कळपात तिची जनावरं इतकी थोडी होती की ही आपली असेल, हे राव्द्नाच्या मनातही आलं नव्हतं. ही त्याच मादीची नात.

"वर्षभर बोलला नाहीस?"

"फोन उचलायचो आणि ठेवून द्यायचो. काय सांगणार? तू माझ्या भरवशावर सोडलीस आणि मी बर्फाची वाट बघत बसलो."

राव्द्नाला रडू फुटलं. मादी गेली म्हणून तर होतंच, पण हा माणूस वर्षभर एकटा हे ओझं घेऊन हिंडला म्हणून जास्त. तिनं त्याचा राठ हात धरून ठेवला आणि थोड्या वेळानं विचारलं, ठेवू की काढू?

"मला काय विचारतेस? मालकीण तू."

मेळ्याच्या दिवशी दुपारी शाळेचं सभागृह भरलं. कोल्हा आला, कान दिसला आणि माना इस्सातकडे वळल्या. तेवढ्यात पडद्यावरून राव्द्नाचा आवाज आला. "ही मादी माझी. माझा पहिला दात दिसला तेव्हा मामानं दिली, तिची ही नात. हिवाळ्यात पाऊस पडला. ती उपाशी मेली."

इस्सात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"माझ्या राखणीत मेली," तो म्हणाला आणि खाली बसला.

आता हे मामाला किती दिवस पुरणार, या विचारानं राव्द्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग मागच्या बाकावरून सुन्ना बोलली. जिनं ट्रक भरून चारा आणवला होता, जिचं सगळं निभावलं असंच गाव धरून चाललं होतं, ती.

"आमच्याही गेल्या, इस्सात. चारा घातला तरी गेल्या."

"आमच्याही," खिडकीपाशी कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणी.

चित्रपट अजून बराच बाकी होता. राव्द्नानं त्याचा आवाज बंद केला आणि लोकांना बोलू दिलं.