माशांना कसला उकाडा?

घरामागचं तळं थोरल्या सुनेच्या हाती आलं ते सासऱ्यांना कंटाळा आला म्हणून, विश्वासबिश्वास काही नव्हता. पण तिला काय त्याचं? जन्मात पहिल्यांदा काहीतरी तिच्या ताब्यात आलं होतं. माशांचं बीज, म्हणजे बोटभर पिल्लं, बेतानं सोडायची, पाण्याचा रंग बघायचा, खाद्य हात राखून टाकायचं. मासळी अशी वाढली, की बाजारातली बाई टोपली उघडायच्या आधी विचारायची, "तुझ्या तळ्यातली का गं?" ते "तुझ्या" ऐकायला ही मुद्दाम स्वतः बाजारात जायची. हसा खुशाल!

पुढच्या हंगामात सासऱ्यांना हुरूप आला. तिला न विचारता दुप्पट बीज आणून तळ्यात ओतून मोकळे.

"बाबा, एवढी मासळी श्वास कशी घेणार?"

"मला शिकवतेस? राहतील दाटीवाटीनं!"

झालं. सांगायचं कुणाला? नवरा कायम ट्रकवर, आणि घरी असला तरी बापापुढे मान खाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिनं पाण्यात हवा कालवणारा पंखा बसवून घेतला. पहाटे पाण्यातली हवा सगळ्यात कमी होते, म्हणून तो रात्रभर घरघरायचा. मासळी जगली, वाढलीसुद्धा. सासरे चारचौघांत मिशीवर ताव देत म्हणायचे, "बघा, मावली की नाही?"

मग तिची आई घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. माहेरी जाणं भाग होतं. निघताना तिनं सासऱ्यांना बजावलं, "पंखा बंद करू नका, आभाळ आलं तर मुळीच नको, ऊन नसलं की पाण्यातली हवा आणखी कमी होते. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले तर ती भूक नसते बाबा, गुदमरतात ते. खाद्य टाकू नका."

"हो गं बाई, जा तू."

ती गेली आणि आभाळ आलं. गार हवा सुटली तसा सासऱ्यांनी पंखा बंद केला. "माशांना कसला उकाडा? आणि इथे माणसाला झोप नाही!" सकाळी बघतात तर सगळं तळं तोंडं उघडून वर आलेलं. यांना दया आली हो! अगदी काळजापासून आली, हेच तर वाईट. "उपाशी ठेवत होती वाटतं," म्हणत अख्खं पोतं पाण्यात रिकामं केलं. खाद्य कुजलं, उरलीसुरली हवाही गेली.

ती परतली तेव्हा तळं पांढऱ्या पोटांनी भरलं होतं. काठावर खाद्याचं रिकामं पोतं पडलेलं, शेजारीपाजारी जमलेले, आणि सासरे त्यांना सांगत होते, "सूनबाईनं पंख्याची सवय लावली. लाडावलेली मासळी, एक दिवस वारा नाही मिळाला तर मेली. आमच्या वेळी कुठे होते पंखे?"

लोकांनी माना डोलावल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणखी काय!

"बाबा, तुम्ही मारलीत ती," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

"सासऱ्याला उलट बोलतेस?" सासूबाई कडाडल्या, आणि मेलेली मासळी राहिली बाजूला, हिच्या जिभेचीच चर्चा सुरू झाली. संध्याकाळपर्यंत तळं धाकट्या दिराकडे गेलंसुद्धा. सडकी मासळी उपसायचं काम तेवढं हिच्याकडे राहिलं.

नवरा आला तेव्हा तिच्या हातांचा वास जात नव्हता. तिनं त्याला सगळं सांगितलं, आभाळ, पंखा, पोतं, सगळं. त्यानं मधे न बोलता ऐकून घेतलं. तिला वाटलं, चला, एकाला तरी कळलं.

मग कुणी ऐकत नाही ना, हे बघून त्यानं हळूच विचारलं, "पण खरंच, माशांना सवय लागत असेल का गं?"