नंदाचे पाय

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यात एका चिक्कीवाल्याच्या दुकानात त्याच्या विम्याचा फॉर्म भरत होतो. तिच्या धाकट्या भावाने तळेगावच्या दवाखान्यातून एवढंच सांगितलं, "दादा, ताई गेली." चार दिवसांच्या तापाचं निमित्त. मी फॉर्म पूर्ण केला, सही घेतली आणि मग दुकानाच्या पायरीवर येऊन बसलो. आधी सही घेतली, हे लक्षात आलं तेव्हा माझीच मला शरम वाटली. त्याला आता सात आठवडे झाले.

नंदा माझी मामेबहीण. पवनानगरजवळच्या शाळेत खेळाची शिक्षिका, आणि आमच्या लोणावळ्याच्या हौशी नाटक मंडळातली एकमेव खरी नटी. मी तिथे पडदा ओढायचो. आठ वर्षांपूर्वी ती पुण्यात एका जपानी बाईंच्या शिबिराला गेली. त्या बाई नटांच्या हाती संवाद देतच नसत. आधी उभं राहायचं, मग चालायचं... कंबर खाली, तळपाय जमिनीत रोवलेला, श्वास बेंबीपासून. तासाभरात बाकीचे नट भिंतीला टेकले, ही उभीच. हे कुठे शिकलीस, असं बाईंनी दुभाष्याकरवी विचारलं. नंदा म्हणाली, भाताच्या खाचरात. बाईंनी तिला सहा महिन्यांसाठी जपानला बोलावलं. शिकवणं फुकट, विमानाचं भाडं आणि राहण्याजेवणाचा खर्च आपला. शाळेने बिनपगारी रजा दिली. पैसे उभे करायचं मी अंगावर घेतलं. लोकांकडून 'हो' म्हणवून घेणं हाच तर माझा धंदा.

पहिली बैठक तिच्या गावच्या देवळात झाली. तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. ऐकून घेऊन एक आबा म्हणाले, "चालाय शिकाया जपानला? आमची म्हैस न शिकता धरणापतुर जाती." देऊळ हसलं. नंदाही हसली. म्हणाली, "म्हैस माझ्यापरीस चांगली चालती, आबा. कोण बघतंय याची तिला फिकीर न्हाई. मला त्येच शिकायचंय." आबांनी मान डोलावली, पण खिशात हात काही गेला नाही. तिला ती मान डोलावणंही पुरलं. माझे मात्र कान तापले होते.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच लोहगडवाडीला गेलो. तिथे गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांना मी पायांचं शिक्षण वगैरे समजावत होतो, तर त्या मध्येच म्हणाल्या, "पायाचं दुखणं हाय व्हय पोरीला?" नाही म्हणायला मी तोंड उघडलं... आणि मिटलं. मावशींनी पिठाच्या डब्यामागून नोटा काढून न मोजता माझ्या हातात दिल्या. लोक स्वप्नाला हसतात, आजाराला हसत नाहीत, हे विम्याच्या धंद्यात मी रोज पाहत आलो होतो. पुढच्या घरी मी आपणहून म्हणालो, पायांचं आहे, इलाज जपानातच आहे. जिथे तिला रोज पाहणारं कुणी नव्हतं अशीच गावं मी निवडली. दोन महिन्यांत पैसे जमले. नंदाला वाटलं, दादाने लोकांना नाटक पटवून दिलं.

ज्यांनी दिलं त्यांना काहीतरी करून दाखवल्याशिवाय जायचं नाही, असा तिचा हट्ट. मी खूप टाळलं. शेवटी एका रविवारी दुपारी लोणावळ्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग ठेवला. वीस मिनिटं, एकही शब्द नाही. एक बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाते, एवढंच. पण डोक्यावर किती ओझं आहे, मागे कोण राहिलंय, पुढे जावंसं का वाटत नाही, सगळं तिच्या पावलांत दिसत होतं. बायका पदराने डोळे पुसत होत्या. चालणं संपवून ती पडद्यामागे आली तेव्हा तिचा चेहरा इतका उजळला होता... "दादा, पोचलं रे. न बोलता पोचलं."

तेवढ्यात लोहगडवाडीच्या मावशी आत आल्या. तिच्यापुढे खाली बसून तिचे गुडघे चाचपत म्हणाल्या, "येवढं दुखतंय तर कशापायी चाललीस गं बाई? कुटं दुखतं, हितं का?"

नंदाने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याची दोरी गुंडाळत होतो, ती गुंडाळतच राहिलो. तिने मावशींचे दोन्ही हात धरले. "आता न्हाई दुखत, मावशी."

पुढचा महिनाभर ती घरोघर जाऊन पैसे परत करत होती. पाय बरे झाले, आता जायची गरज नाही, असं सांगून. खरं सांगितलं असतं तर मावळात माझ्याकडून पुन्हा कुणी विमा उतरवला नसता, हे तिला ठाऊक होतं. मी कर्ज काढतो म्हणालो. तिने नकारार्थी मान हलवली. "पैशाचं सोड, दादा. ती मानसं माझ्या चालण्यानं रडली का तुझ्या सांगण्यानं, ह्ये आता मला कधीच कळायचं न्हाई." त्यानंतर ती रंगमंचावर आली नाही. माझ्याशी बोलणं मात्र तिने तोडलं नाही. तोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दहाव्याला तिच्या घरी गेलो होतो. मधल्या खोलीत सिमेंटच्या कोब्यावर, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, पाऊलभर रुंदीचा पट्टा घासून गुळगुळीत झालेला आहे. आठ वर्षं ती तिथे रोज चालत होती, हे मला त्या दिवशी कळलं. मावशीही आल्या होत्या. त्या पट्ट्याकडे बघत म्हणाल्या, "पाय परत धरू नयेत म्हनून किती चालली बिचारी." आणि तेव्हाही मी त्यांना खरं सांगितलं नाही.

मावशींना वाचता येत नाही. हे वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत छापून येईल, ती घेऊन मी लोहगडवाडीला जाणार आहे आणि हे सगळं त्यांना वाचून दाखवणार आहे. मावशी, नंदाच्या पायांना कधीच काही झालं नव्हतं. त्या दुपारी तुम्ही जे पाहिलंत, ती तिची कला होती.