आदल्या दिवशीच्या टाळ्या

"टाळ्या लिहिल्यास ना? मग वाजवून दाखव."

संस्थेच्या अध्यक्षांच्या केबिनमध्ये मी उभा होतो. सोफ्यावर त्यांचे तीन पाहुणे. माझ्या हातात प्रेस नोट. दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या एका गावात आमच्या कॉलेजच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन होतं. त्याची बातमी मी आदल्या दिवशीच लिहून आणली होती. 'ग्रामस्थांनी आनंदाने जमीन दिली. गावच्या बँडपथकाने सलामी दिली. टाळ्यांच्या कडकडाटात मंत्रिमहोदयांनी कुदळ मारली.' ती मला मोठ्यानं वाचायला लावली होती.

"बघा," अध्यक्ष पाहुण्यांना म्हणाले, "बाप ह्याचा तुर्भ्याच्या खाणीत दगड फोडतो. आणि हा कार्यक्रम व्हायच्या आत टाळ्या लिहितो. सवलतीचा माल आहे, पण चालतो."

मी वाजवल्या. एकट्यानं. पाहुण्यांतला एक म्हणाला, "जोरात रे, मंत्री आलेत." मी जोरात वाजवल्या.

ह्या टाळ्यांचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

बाकीच्या प्राध्यापकांना अध्यक्ष 'सर' म्हणायचे. मला 'काय रे'. दर उन्हाळ्यात माझी नेमणूक संपायची, जूनमध्ये परत त्यांच्या दारात उभं राहायचं. कायम नेमणुकीचा कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता. कधीमधी ड्रॉवर उघडून तो दाखवायचे, परत ठेवायचे. त्या नोकरीच्या भरवशावर मी आईबापाला मराठवाड्यातून आलेल्यांच्या झोपड्यांतून उचलून कोपरखैरण्याच्या पक्क्या खोलीत आणलं होतं. आई नळाखाली हात धरून नुसती बसायची. त्या नळाकडं बघून मी दर जूनला अध्यक्षांच्या दारात जायचो.

आणि शिकवत काय होतो? बी.ए.च्या मुलांना मराठी. त्यात वृत्तपत्रलेखनाचा एक भाग होता. बातमी लिहायला शिकवायची, एवढंच अभ्यासक्रमात. मी वाचायलाही शिकवायचो. चार पेपर आणा. एकच बातमी कापून शेजारी शेजारी चिकटवा. वाक्य न वाक्य सारखं निघालं तर समजा, लिहिणारा एकच. मग विचारा, तो तिथं होता का? ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना कुणी विचारलं का? वर्गात माझा आवाज खणखणीत असायचा. पोरं वह्या सोडून ऐकायची.

भूमिपूजनानंतर दोन दिवसांनी रंजना वर्गात कात्रणं घेऊन आली. माझी विद्यार्थिनी, त्याच गावची. आई मासळी विकायची, जमीन गेलेल्यांतलंच घर. शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिनं चार पेपरांतली चार कात्रणं चिकटवली होती. चारही माझी.

"सर, सगली वाक्यं सारखीच हायेत," ती म्हणाली. "आनि सगली खोटी. आमचे गावान बँड वाजलाच नाय. बँड माजे मामाचा. तो दरवाजा लावून घरान बसलेला."

"मग टाळ्या?" कुणीतरी विचारलं.

"टाल्या कोन वाजवील? आमी सगली बांधावर पाठ फिरवून बसलेलो. माजे आयला पोलिसांनी गाडीन घातली."

"मंत्र्यानं सोताच वाजवल्या असतील!" मागच्या बाकावरून आवाज. वर्ग हसला.

रंजना हसली नाही. "सर, लिवनारा कोन, ता कसा शोधायचा?"

मी घड्याळ बघितलं. म्हणालो, "पुढच्या तासाला बघू."

ती थांबली नाही. मीच तर सांगत होतो, नुसतं वाचून थांबू नका. तिनं आणि तिच्या तीन मैत्रिणींनी सायक्लोस्टाइल करून एकपानी पत्रक काढलं. वर ठळक अक्षरांत 'तुम्ही तिथं होतात का?' खाली त्या दिवशी काय घडलं ते, बघितलेल्यांच्या तोंडून. वाशीच्या बसस्टॉपवर वाटलं, मासळीबाजारात वाटलं, आमच्या गेटवर वाटलं. मी ते संडासात जाऊन वाचलं. एक शब्द खोटा नव्हता. माझ्या हाताखाली कुणी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं.

चौकशी लागली. अध्यक्ष, प्राचार्य आणि मी. त्या दिवशी मला खुर्ची दिली. रंजना उभी.

"कोणी शिकवलं हे तुला?" अध्यक्षांनी विचारलं. "नाव सांग. तुला सोडतो."

ती माझ्याकडं बघत म्हणाली, "कोनी नाय. मीच लिवलंय."

टाइप केलेला कागद तयारच होता. 'सदर विद्यार्थिनीने खोटी व बदनामीकारक माहिती पसरवली. वर्तणूक असमाधानकारक.' अध्यक्षांनी स्वतःचं पेन उघडून माझ्यासमोर ठेवलं. मी सही केली. नेहमीसारखीच आली सही.

तिला कॉलेजातून काढलं. आठवड्यानं ती तोच शेरा मारलेला दाखला न्यायला आली. व्हरांड्यात गाठ पडली. मी बाजूनं निघालो होतो. तिनंच हाक मारली.

"सर, मना वर्गानच कलला व्हता. तुमी फल्यावर लिवता ना, तशीच वाक्यं व्हती ती."

"मग नाव का नाही घेतलंस?"

"तुमची नोकरी गेली असती. तुमचे बापाचा तुमी सांगलेला आमाला." तिनं दाखला पिशवीत घातला. "मना वाटला, तुमी बोलाल."

चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. साधंच बोलली. गेली.

त्यानंतर मी वर्षभर शिकवलं. तेच खडू, तेच प्रश्न. 'लिहिणारा कोण' हे वाक्य तेवढं गाळायचो. पोरांनी विचारलं नाही, पण मला रोज ऐकू यायचं. कायम नेमणुकीचा कागदही हातात पडला त्या वर्षात. घरी पेढे वाटले. मी खाल्ला नाही, पोट बिघडलंय म्हणालो.

मग इमारत उभी राहिली. अध्यक्षांनी बोलावलं. "काय रे, उद्घाटनाचं लिहून आण. ह्या वेळी बँड मुंबईहून आणतोय. कोणाच्या मामाची कटकट नको."

ते स्वतःच्याच विनोदावर हसले. मला माहीत होतं, मीही हसायचं आहे. चेहरा हसायला लागलाही होता. तिथंच तो थांबवला.

"उद्घाटनात काय होईल ते मला माहीत नाही. मी लिहिणार नाही."

"काय?"

"मागची नोट मी लिहिली. ती खोटी होती. रंजनानं लिहिलं ते खरं होतं. हे मी आता वर्गात सांगणार आहे."

"बापाबरोबर दगड फोडशील."

"फोडीन."

तडक वर्गात गेलो आणि सांगितलं. नोट कोणाची, सही कोणाची, सगळं. मागच्या बाकावरचा, मंत्र्यावर विनोद केलेला मुलगा उठला. "मग सर, तिला परत आणा ना."

महिन्याभरात नोकरी गेली, वर्षात खोलीही गेली. त्याचं दुःख इथं सांगणार नाही. माझं गेलं ते मी गप्प राहून कमावलेलं होतं. तिचं गेलं ते तिचं होतं. दोन कॉलेजांनी तिच्या दाखल्यावरचा शेरा वाचून तिला परत पाठवलं. ती पदवीधर झाली नाही.

पुढं मला दुसरीकडं शिकवायला मिळालं. पहिल्या तासाला मी ती चार कात्रणं वाटतो. लिहिणारा कोण, असं पोरं विचारतात. मी हात वर करतो.

तेवढ्यानं भागत नाही. लोक म्हणतात, आता कशाला, तिची लेकरं मोठी झाली. मी तिच्या दारात माफी मागायला गेलो नाही, जाणारही नाही. तिनं माफ केलं तर मी सुटेन, आणि शेरा तसाच राहील. तो शेरा काढा म्हणून विद्यापीठाला अर्ज केला. उत्तर नाही. दुसरा केला. तिसरा ह्या लिखाणासोबत जातोय, खाली माझ्या सहीनं. खोटी माहिती तिनं पसरवली नाही, मी पसरवली. हे त्याच कॉलेजच्या कागदावर, त्यांच्या शिक्क्यासह लिहून घेईपर्यंत मी अर्ज करत राहणार आहे.