खान युनिसला गणिताचा तास

शारजाच्या एका इंडियन स्कूलमध्ये मी अकरावी-बारावीला मॅथ्स शिकवते. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर अरबी शिकवणाऱ्या बाई बसतात. त्या पॅलेस्टिनी. त्यांच्या आजोबांना १९४८ साली याफाजवळचं गाव सोडून गाझातल्या खान युनिसच्या छावणीत यावं लागलं. बाईंचा जन्म तिथलाच, आणि लग्न होऊन त्या इकडे आल्या. आठ वर्षं आम्ही शेजारी बसलो, पण बोलणं बहुतेक वेळा पेपर तपासण्यावरून आणि मुलांच्या खोड्यांवरून.

गाझावर बॉम्ब पडू लागले त्या आठवड्यातही त्या रोज शाळेत आल्या. कडक इस्त्रीचा कोट, हातात हजेरीपट. प्रिन्सिपलनी सुट्टी घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "घरी बसून फोनकडे बघत राहीन. इथे निदान पस्तीस मुलं गुड मॉर्निंग म्हणतात."

काही महिन्यांनी मी जुनी पुस्तकं आणायला स्टोअररूममध्ये गेले, तर त्या कपाटाला टेकून फोनमध्ये व्याकरण शिकवत होत्या. मला बघून थांबल्या. बहिणीचं घर पडलं होतं आणि ती नवरा-मुलांसह तंबूत राहत होती. मोठी मुलगी बारावीची. शाळा उरलीच नव्हती, म्हणून मावशी रोज फ्री पिरियडला व्हॉइस मेसेजवर धडा पाठवायची. नेट मिळालं की ती तो उतरवून घ्यायची आणि आजूबाजूच्या तंबूंतल्या मुलींना ऐकवायची. एकूण अकरा मुली.

"अरबी मी शिकवते. पण त्या विचारतात, गणिताचं काय? आणि मी स्वतः गणितात दोनदा नापास झालेली," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "उद्यापासून मी येते."

सोपं वाटलं होतं, तसं ते नव्हतं. त्यांच्या पुस्तकात समीकरणं उजवीकडून डावीकडे लिहितात आणि आपल्या एक्सला 'सीन' म्हणतात. पहिल्या आठवड्यात मीच विद्यार्थिनी झाले. मी इंग्लिशमध्ये एक पायरी सांगायची, बाई ती अरबीत सांगायच्या, कागदावर लिहून फोटो पाठवायच्या. एकदा मी सवयीने म्हटलं, "धिस इज व्हेरी इझी." बाईंनी रेकॉर्डिंग बंद केलं.

"इझी म्हणू नकोस, हबीबती. तिथे काहीच इझी नाही. 'तुम्हाला जमेल' म्हण."

त्या दिवसापासून मी माझ्या वर्गातही 'इझी' म्हणणं सोडून दिलं.

शुक्रवारी त्या शारजातल्याच रोल्ला भागात आमच्या घरी यायला लागल्या. माझी मुलगी बारावीलाच होती, अभ्यासावरून मान वर करून विचारायची, "मम्मा, विच चॅप्टर आर दे ऑन?" एका शुक्रवारी आम्ही बसलो असताना गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याहून बाबांचा फोन आला. तरुणपणी ते गोव्याच्या सत्याग्रहात सीमा ओलांडून गेले होते आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांना बंदुकीच्या दस्त्यांनी झोडपलं होतं. हे मी बाईंना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. त्या पुढे सरकून बसल्या. "स्पीकर लाव," म्हणाल्या.

"किती वर्षं होते पोर्तुगीज?"

"साडेचारशे," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, "मग लोक विसरले कसे नाहीत?"

मी बाबांना विचारलं. नव्वदीला टेकलेले बाबा म्हणाले, "विसारतले कशे? घराघरात रोज तीच गजाल." मग त्यांनी उलट विचारलं, "त्या चेडवांचो अभ्यास चलता मा?"

घराघरात रोज तीच गोष्ट निघायची, मग विसरतील कसे, म्हणतात; आणि मुली शिकताहेत ना, असं विचारतात, मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "रोज. यांना सांग, रोज."

मी ते बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तेंका माझो नमस्कार सांग." बाईंनी फोनसमोर छातीवर हात ठेवून मान लववली. बाबांना ते दिसत नव्हतं, तरी.

पुढे एक वाईट सोमवार आला. मदतीचं पीठ आणायला गेलेले बाईंचे मेहुणे, भाचीचे वडील, परतले नाहीत. बाई दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी टेबलावर पर्स ठेवत एवढंच म्हणाल्या, "भाची सांगते, आज तास नको. उद्या हवा." मला वाटलं, हे दुःखात बोललेलं, कोण उद्या समीकरणं सोडवेल? दुसऱ्या दिवशी मेसेज आला. त्यात उदाहरण होतं, अर्धं सोडवलेलं, आणि खाली प्रश्न.

मी पुष्कळ हुशार मुलं पाहिली आहेत. आपल्याकडे बोर्डात आलेलीही. पण त्या मुलीसारखी चिकाटी मी पाहिली नाही, आणि तिच्या मावशीसारखी शिक्षिकाही नाही. त्या काळात बाई शाळेत कुणावर एकदाही चिडल्या नाहीत. सहावीतला एखादा मुलगा अक्षर चुकला की शांतपणे त्याचा हात धरून पुन्हा काढून घ्यायच्या.

परीक्षा झाली, पण वर्षभर उशिरा आणि फोनवर. नेट मिळेल तिथे जाऊन मुलींनी ती दिली. अकरांतल्या सात जणी बसल्या. दोघी दुसरीकडे हलवल्या गेल्या होत्या, त्यांचा पत्ता नव्हता. उरलेल्या दोघींबद्दल बाईंनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भाची पास झाली. गणितात चांगले मार्क. बाईंनी स्टाफरूममध्ये कुनाफा ही त्यांच्याकडची चीजची मिठाई वाटली.

दोन दिवसांनी भाचीचा पहिल्यांदाच थेट माझ्या नावाने मेसेज आला. आभार वगैरे असतील, असं मला वाटलं. बाईंनी तो ऐकला आणि त्या हसल्या. पेपरातलं एक उदाहरण तिला आलं नव्हतं. तिने आठवून जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि नेमकी कुठल्या पायरीला ती चुकली हे तिला हवं होतं. मी कागद ओढला आणि उजवीकडून लिहायला सुरुवात केली.